मास्तरांचं जुळं नाणं

१

नाणं चोरीला गेलं असतं तर गोष्ट सोपी होती. चोरी समजते, चोराची हावही समजते. इथे नाणं जागच्या जागी होतं. लाकडी खणातल्या मखमलीच्या खोबणीत, राजाचं डोकं वर करून, अगदी शहाण्या मुलासारखं बसलं होतं. आणि तरीही नाणेसंग्राहक मंडळाचे सेक्रेटरी एक जुनी पुस्तिका त्याच्याशेजारी उघडी धरून सांगत होते, "हे मास्तरांचं नाणं नाही."

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत पाच माणसं होती. संग्रहालयाचे प्रमुख हातात पेन घेऊन उभे होते, ते तसेच राहिले. बाजारात जुन्या नाण्यांचं दुकान असलेले सराफ टाचा उंचावून पुस्तिकेत डोकावले. मास्तरांच्या सुनेने सगळे खण टॅक्सीतून स्वतः आणले होते, तिचा हात अजून त्यांच्यावरच होता. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत भिंगबाई बसल्या होत्या.

भिंगबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या संग्रहालयाच्या नाणेपरीक्षक. गळ्यात काळ्या दोरीला भिंग, चष्मा कपाळावर, आणि समोरच्या माणसाकडेही नाण्यासारखं जरा तिरकं बघायची सवय. हे नाव त्यांच्या पाठीमागे घेतलं जाई आणि ते आपल्या कानावर आलेलंच नाही असं त्या दाखवत. खरं तर त्यांना ते आवडायचं.

मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. थंडी सरता सरता ते गेले आणि जाण्यापूर्वी सगळा संग्रह संग्रहालयाच्या नावे करून गेले. त्यातलं बाकीचं कोणी विचारलंही नसतं, पण एका तांब्याच्या नाण्याचा गावभर बोलबाला होता. त्यावरची अक्षरं आणि वर्षाचे आकडे दोनदा उमटलेले होते. जुळ्या ठशाचं नाणं! असं एखादं हाताला लागावं म्हणून माणसं जन्मभर चिल्लर उपसतात आणि रिकाम्या हातांनी जातात.

मास्तरांची नजर अधू झाली तेव्हा सून त्यांचे डोळे झाली. खण उघडणं, नाणं कडेने उचलून उजेडात धरणं, पुन्हा जागेवर ठेवणं, सगळं तीच करी आणि करता करता शिकत गेली. म्हणून संग्रहाबरोबर तिलाही नाण्यांच्या दालनात नेमायचं प्रमुखांनी ठरवलं होतं. पेन त्यांनी त्या सहीसाठीच काढलं होतं.

"फोटोत राजाच्या गालावर टोचा आहे, इथे गाल गुळगुळीत," सेक्रेटरी म्हणाले. "आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे होती."

त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही, पण त्या न पाहण्यातच सगळं आलं. ती पांढरीफटक पडली. आता ती चार शब्द सुनावेल, निदान रडेल, असं भिंगबाईंना वाटलं. ती एवढंच म्हणाली, "मी नाणं बदललेलं नाही," आणि तिने तोंड मिटलं. प्रमुखांनी पेनाला टोपण लावलं.

भिंगबाईंनी भिंग डोळ्याला लावलं. नाणं दोन बोटांत कडेने धरून खिडकीच्या उजेडात तिरकं केलं. मग पुस्तिकेतला फोटो पाहिला, मग पुन्हा नाणं, मग पुन्हा फोटो. सराफांनी दोनदा घसा खाकरला तरी त्यांनी मान वर केली नाही.

"सगळ्यांनी जरा बाहेर जा," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि मी सांगेपर्यंत या खोलीतलं बाहेर कोणी बोलायचं नाही."

२

दार लागल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा बघितलं. आपलेच डोळे आपल्याला फसवतायत असं त्यांना वाटत होतं.

ठसा म्हणजे पोलादाचा शिक्का, ज्याच्या दाबाखाली नाणं उमटतं. टांकसाळीत तो ठसा घडवताना मूळ नमुना त्यावर एकदा दाबतात आणि मग पुन्हा दाबतात. दुसऱ्या वेळी तो केसभर सरकला की ठशावरच प्रत्येक अक्षर दोनदा उठतं, आणि त्या ठशाखालून निघणारं एकूण एक नाणं जुळं निघतं. हे झालं खरं जुळं. पण दुसराही एक प्रकार असतो आणि त्याने भल्याभल्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली आहे. तिथे ठसा चांगलाच असतो, फक्त यंत्रात सैल बसलेला असतो. नाणं छापताना तो जरा घसरतो आणि ताज्या अक्षराची कड चेपून टाकतो. वरवर पाहिलं तर अक्षर दोनदा दिसतं. जाणकार त्याला हललेला ठसा म्हणतात, आणि त्या नाण्याची किंमत त्यावर छापलेली असते तेवढीच.

फरक बघायचा तो अक्षरांच्या खांद्यांत. खऱ्या जुळ्यात दोन्ही अक्षरं गोल, उठावदार आणि अंगाने भरलेली असतात, आणि कोपऱ्यांत दोघांच्या मधे स्पष्ट खाच दिसते. हललेल्यात दुसरं अक्षर म्हणून जे दिसतं ती नुसती चपटी पायरी असते. मूळ अक्षर तेवढंच रोडावलेलं असतं, कारण पायरीला लागलेलं तांबं त्याच्याच अंगातून गेलेलं असतं.

खणातल्या नाण्यावर प्रत्येक अक्षराला दोन गोल खांदे होते. कोपऱ्यांतल्या खाचा इतक्या स्वच्छ होत्या की भिंगबाईंचा जीव सुखावला. नाण्याचा तपकिरी रंगही जुना, शांत, कोणी न दुखावलेला होता. हे नाणं अस्सल होतं, शंभर टक्के जुळ्या ठशाचं.

आणि फोटोतलं नाणं? फोटो चांगला होता, उजेड एका बाजूने घेतलेला होता. तिथल्या अक्षरांच्या शेजारी सपाट, चकचकीत पायऱ्या होत्या आणि अक्षरं हडकलेली होती. शिवाय राजाच्या मानेवर बारीक समांतर रेघा होत्या, म्हणजे ते नाणं कधीकाळी कोणीतरी कसल्याशा पावडरीने घासलेलं होतं. गालावरचा टोचा तर होताच. मास्तर ज्याच्याबद्दल जन्मभर अभिमानाने बोलले ते नाणं हललेल्या ठशाचं होतं. बाजारात त्याच्या बदल्यात कोणी चहासुद्धा पाजला नसता.

भिंगबाई खुर्चीत मागे टेकल्या. कोणीतरी खोटं नाणं नेलं होतं आणि त्याच्या जागी खरं ठेवून गेलं होतं.

हे आत्ता सगळ्यांना सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं, पण त्यांनी जीभ आवरली. इतकं मोलाचं नाणं सुनेने आणलं कुठून, कोणाचं उचललं, असं सेक्रेटरी लगेच विचारणार. नाणं कोणाचं ते कळल्याशिवाय संग्रहालयालाही ते घेता येणार नव्हतं. तेव्हा आणणारा सापडायलाच हवा होता, नाहीतर ती मुलगी कायमची संशयात राहणार. आणि तो सापडला तर गेलेले मास्तर सगळ्यांसमोर खोटे पडणार. भिंगबाईंना भूगोल याच मास्तरांनी शिकवला होता.

३

सराफांच्या दुकानात काउंटरवर एक बरणी असते. तिच्यातल्या पाण्यात जुनं काळं नाणं बुडवलं की क्षणात नव्या नवरीसारखं उजळून निघतं आणि दुपटीने विकलं जातं. भिंगबाई गेल्या तेव्हा सराफांचं तेच चाललं होतं. बोलता बोलता त्यांनी चिमट्याने एक नाणं बरणीत सोडलं, आणि भिंगबाईंनी दाढ दुखल्यासारखं तोंड केलं. नाण्याच्या अंगावर इतक्या वर्षांनी चढलेली कातडी अशी सोलून काढणं त्यांना बघवत नसे. खऱ्या संग्राहकाला हे जमतच नाही. तो एक वेळ उपाशी राहील, पण नाणं घासणार नाही.

मास्तरांचं नाणं आपण कितीदा मागितलं आणि मास्तरांनी कितीदा हाकलून दिलं, हे सराफांनी रंगवून सांगितलं. ते नाणं खरं होतं का, असं विचारल्यावर तर ते दुखावलेच.

"खरं म्हणजे? अहो, हे दुकान लिहून दिलं असतं त्यांना," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून हसले. "आणि ज्याने कोणी बदललं तो अगदीच कच्चा हो. गालावरचा टोचा तेवढा राहिला त्याचा. पिनेवर एक टिचकी मारायची, झाला टोचा. बाजारात कुठलाही पोरगा करून देईल."

भिंगबाईंनी हे वाक्य मनात नीट घडी करून ठेवलं.

मंडळाची खोली घड्याळजीच्या दुकानावर होती. खालची सगळी घड्याळं वेगवेगळे ठोके देत असत आणि सेक्रेटरी प्रत्येक वेळी मनगटाकडे बघत. त्यांच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. घरातल्या माणसाला नेमायचं म्हणजे कसं चुकीचं, हेही त्यात आलं आणि त्यांचा भाचा इतिहास शिकून घरी बसला आहे हेही ओघाने आलं. भिंगबाईंनी भुवई उंचावली तेव्हा ते जरा गडबडले आणि म्हणाले, भाच्याचा यात काही संबंध नाही.

मास्तरांच्या नाण्यावर कधी कोणी शंका घेतली होती का, असं भिंगबाईंनी विचारलं. सेक्रेटरी आढेवेढे घ्यायला लागले. गेलेल्या माणसाच्या मागे कशाला, वगैरे म्हणून झालं. मग सांगितलं, एकाच माणसाने घेतली होती. दातांचे डॉक्टर. मास्तरांचा बाळपणापासूनचा मित्र, दोघांनी मिळून नाणी जमवायला सुरुवात केलेली. एकदा भर सभेत मास्तर नाणं दाखवत होते आणि डॉक्टर उठून म्हणाले, मित्रा, हा हललेला ठसा आहे, आपली चूक झाली. सभेत कोणीतरी हसलं. मास्तरांनी नाणं खिशात टाकलं, डॉक्टरांनी छत्री उचलली आणि त्या दिवसापासून दोघं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत.

"डॉक्टर त्यानंतर मंडळात आले?"

"जिना चढले नाहीत पुन्हा. त्यांना उत्तर म्हणूनच तर आम्ही फोटोसकट ही पुस्तिका काढली," सेक्रेटरी म्हणाले. "सगळ्या सभासदांना वाटली. पण ते सभासद राहिले होते कुठे?"

खाली घड्याळांनी ठोके द्यायला सुरुवात केली. भिंगबाई जिना उतरताना मधल्याच पायरीवर थबकल्या, कारण तीन वेगळे धागे त्यांच्या हातात एकाच वेळी आले होते.

४

मास्तरांच्या घरी त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, मोठ्या टेबलाशी बसून मटार सोलत होत्या. शेंग उघडायची, दाणे परातीत, साल कागदावर. भिंगबाईही नकळत शेंगा सोलायला लागल्या. सून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. नाण्याचं काय झालं ते घरात कोणी बोललेलं दिसत नव्हतं, पण म्हातारीला सगळं कळत होतं.

"माझ्या सुनेने एक टाचणी इकडची तिकडे केली नसेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही ते लिहून घ्या."

भिंगबाईंनी विचारलं, मास्तर गेल्यावर भेटायला कोण कोण आलं होतं. काकूंनी पुष्कळ लोक सांगितले, शाळेतले, मंडळातले, सराफसुद्धा. पण सगळे याच खोलीत बसले आणि इथूनच उठले. नाण्यांच्या खोलीत कोणी गेलं नाही.

"आणि दातांचे डॉक्टर, काकू?"

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तो कशाला येतोय? ह्यांचा भर सभेत पाणउतारा केला त्याने. मीच निरोप पाठवला होता की या घरात पाऊल टाकू नका. तो दिला शब्द पाळणारा माणूस आहे, तेवढं मात्र खरं."

स्वयंपाकघराच्या दारात कप बशीवर किणकिणला. भिंगबाईंनी तिकडे बघितलं नाही. नाणं तिरकं धरलं की बरंच दिसतं, माणसाचंही तसंच असतं.

निघताना सून फाटकापर्यंत आली. भिंगबाई तिला म्हणाल्या, तू काही लपवते आहेस, आणि ते तुझ्या गळ्याशी आलं आहे.

"मी काही घेतलेलं नाही, ताई."

"ते मला माहीत आहे. कोणी आलं होतं का, एवढंच सांग."

सुनेचे डोळे भरले. तिने फाटकाची कडी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. "मी शब्द दिलाय," ती म्हणाली. "आईंना कळलं तर त्यांना काय वाटेल? माझं जे व्हायचं ते होवो."

एवढं बोलून ती आत गेली. भिंगबाई रस्त्यावर उभ्या राहिल्या. शब्द कोणाला तरी द्यावा लागतो, आणि आईंना ज्याच्याबद्दल कळू नये असा गावात एकच माणूस होता.

५

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता, पण दातांची खुर्ची खिडकीशी तशीच होती आणि आता ते स्वतःच तिच्यात बसून पुस्तक वाचत. त्यांनी भिंगबाईंना स्टूल दिलं. माणूस उंच, वाळका, हात अजून स्थिर.

भिंगबाईंनी नाणं रुमालातून काढून त्यांच्या समोरच्या ट्रेवर ठेवलं. "हे तुमचं आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी नाण्याकडे पाहिलं आणि पुस्तकात खूण घातली. कशावरून, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यावी तसं.

भिंगबाई सांगू लागल्या. खोट्याच्या जागी खरं ठेवायला आधी ते खोटं आहे हे ठाऊक हवं. सराफ त्याला खरं समजत होते, त्यावर दुकान लावायला तयार होते. सेक्रेटरींनी तर फोटो छापला. ते खोटं असं गावात एकाच माणसाने म्हटलं होतं. दुसरं, ज्याला बदल लपवायचा आहे तो फोटोतला टोचा विसरणार नाही. पुस्तिका सगळ्यांच्या घरी आहे. ती ज्याने कधी पाहिलीच नाही त्यालाच वाटणार की गालावरच्या टोच्याची कोणाला आठवण नसेल.

"आणि तिसरं?" डॉक्टरांनी विचारलं. तिसरं आहे हे त्यांना कळलं होतं.

"टोचा करणं सोपं होतं. पिनेवर एक टिचकी. वरून जरा पावडर घासली असती तर जुन्या नाण्यासारख्या रेघाही आल्या असत्या. मग कोणाच्या बापाला कळलं नसतं. सराफांनी डोळे मिटून केलं असतं. पण ज्याने हे ठेवलं त्याचा हात चालला नाही. पकडलं जाण्याचा धोका पत्करला, पण नाण्याला इजा करणं त्याच्या जिवावर आलं. ही चूक आपल्यातलाच माणूस करतो, डॉक्टर."

डॉक्टर हसले, पण ते हसणं टिकलं नाही. "पिन हातात घेतली होती," ते म्हणाले. "दोन दिवस टेबलावर पडून होती."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. सभेत बोलले ते खरंच होतं, आणि त्या खरेपणाचा त्यांना पुढे एक दिवसही उपयोग झाला नाही. तेव्हापासून ते जुळ्या ठशाचं खरं नाणं शोधत होते. दुकानं, जत्रेतले ढीग, परगावचे लिलाव. सापडलं तेव्हा ते आनंदाने उठून मास्तरांच्या घराकडे निघाले आणि अर्ध्या रस्त्यातून परत फिरले. कारण खरं नाणं हातात ठेवायचं म्हणजे पुन्हा तेच ऐकवायचं, की तुझं खोटं आहे. मास्तर जिवंत असेपर्यंत ते नाणं देण्याची काही सोयच नव्हती. मास्तर गेले, संग्रह संग्रहालयात जाणार असं कळलं. तिथे कोणीतरी भिंग लावणार आणि आपल्या मित्राचं तो गेल्यावरही हसू होणार. एका दुपारी वहिनी झोपल्या असताना त्यांनी दार वाजवलं. सुनेला म्हणाले, एकदा त्याचे खण बघू दे, आणि वहिनींना सांगू नकोस. तिने कपाट उघडून दिलं आणि ती चहा करायला गेली, तेवढ्यात त्यांनी नाणं बदललं.

"एक कळत नाही," भिंगबाई म्हणाल्या. "तुम्ही जुनं नाणं बरोबर का नेलंत? फेकून देण्यासारखं होतं ते."

डॉक्टरांनी शर्टाच्या आतल्या खिशातून कापडाची पुरचुंडी काढली. भिंगबाईंनी भिंग लावलं. चपटी पायरी, रोडावलेली अक्षरं, मानेवरच्या रेघा, गालावरचा टोचा. फोटोतलं नाणं.

"या रेघा माझ्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "आम्ही शाळेत होतो. नदीच्या पुलाखाली सापडलं ते दोघांना. मी घरून दंतमंजन आणलं आणि घासघासून चकचकीत केलं. टोचा त्याचा, कंपासपेटीतल्या कर्कटकाचा. हे खरं नाही हो बाई, पण हे आमचं आहे. त्याला खरं मिळालं, मला आमचं मिळालं. सौदा वाईट नव्हता."

भिंगबाईंना त्या दोन पोरांचा आणि त्या एका सभेचा मनापासून राग आला आणि तितकंच वाईटही वाटलं. मग त्यांनी सांगितलं, त्या मुलीवर चोरीचा आळ आला आहे. तिची नेमणूक थांबली आहे, आणि तुम्हाला दिलेला शब्द पाळत ती गप्प बसली आहे.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. काही न विचारता ते खुर्चीतून उठले आणि छत्री शोधू लागले.

६

मास्तरांच्या घरी टेबलाभोवती सगळे जमले. प्रमुख आले, सेक्रेटरी आले. मटाराच्या सालांचा कागद अजून टेबलावरच होता. डॉक्टर दारातच थांबले.

"वहिनी, तुम्ही मना केलं होतं. तरी मी एकदा आलो होतो, आणि आज दुसऱ्यांदा आलोय. तुमच्या सुनेचा यात काही दोष नाही."

त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दोन्ही नाणी टेबलावर ठेवली. कुठलं खरं आणि कुठलं खोटं तेही सांगितलं, आणि ते सांगताना मात्र ते नाण्यांकडेच बघत होते. ज्या शब्दाने मित्र तुटला तोच शब्द त्याच्या घरात, त्याच्या बायकोसमोर, पुन्हा उच्चारावा लागला होता.

सेक्रेटरींनी खाली बघितलं. मग त्यांनी सुनेची माफी मागितली. माफी जरा लांबलचक होती, पण खरी होती. प्रमुखांनी कागद गुडघ्यावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. सुनेने तो कागद हातात घेतला आणि आधी सासूकडे बघितलं.

काकू डॉक्टरांना म्हणाल्या, "बसा भाऊजी." इतक्या वर्षांत त्यांना या नावाने कोणी हाक मारली नव्हती. डॉक्टर बसले.

"नजर अधू झाली तरी ह्यांना ते दिसत होतं," काकू म्हणाल्या. "शेवटी शेवटी तर रोज भिंग नाकाला लावून बसायचे. तो म्हणतो तशी पायरीच आहे, असं पुटपुटायचे. मी म्हणायची, मग जा आणि सांगा त्याला. तर म्हणायचे, उद्या जातो. तो उद्या काही उजाडला नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. म्हणजे दोघंही अर्ध्या अर्ध्या रस्त्यातून परत फिरत होते, भिंगबाईंच्या मनात आलं, आणि त्यांना खिडकीबाहेर बघावं लागलं.

मग काकूंनी हात पुढे केला. "ते टोचा असलेलं इकडे द्या. तुमचं भारीतलं संग्रहालयाला जाऊ दे, ह्यांच्या नावाने. पण हे या घरातलं आहे."

डॉक्टरांचा हात आपोआप त्या नाण्यावर गेला. दोन म्हातारी माणसं एका कवडीमोल नाण्यासाठी टेबलाच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे बघत राहिली. ज्याच्यासाठी लोक जन्म घालवतात ते दुसरं नाणं मटाराच्या सालांच्या कागदावर पडलं होतं आणि त्याच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. भिंगबाईंनी ते हळूच कडेने उचललं, नाहीतर सालांबरोबर गेलं असतं.

"बरं, राहू दे तुमच्याकडे," काकू शेवटी म्हणाल्या. "पण दर रविवारी घेऊन यायचं. आणि आता मला ती पायरी कुठे आहे ती दाखवा. इतकी वर्षं ह्यांनी मला जुळं म्हणूनच दाखवलं."

सुनेने नाणं कडेने धरून खिडकीच्या उजेडात तिरकं केलं. भिंगबाईंनी गळ्यातलं भिंग काढून काकूंच्या हातात दिलं. काकूंनी डोळा बारीक केला, मान इकडे तिकडे केली.

"दिसली," त्या म्हणाल्या. "पायरीच आहे की हो."

डॉक्टर खुर्चीतून पुढे वाकले. "नाही वहिनी, नीट बघा," ते म्हणाले. "मला तर जुळं दिसतंय."

भिंगबाई नाणेपरीक्षक होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.